ऑफ-व्हाइट भिंतीला दुसऱ्या कंपनीचा रंग जुळवताना

गडद निळा किंवा विटकरी रंग एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीत जुळवून घेणं तुलनेनं सोपं जातं. कस लागतो तो ऑफ-व्हाइटला. पावसाळ्यात हॉलच्या एका भिंतीला ओल येते, गिलावा खरवडून, लांबी (पुट्टी) भरून ती भिंत नवी होते, आणि बाकीच्या तीन भिंतींवरचा क्रीमकडे झुकणारा पांढरा रंग कोणत्या कंपनीचा होता हे घरात कोणालाच आठवत नाही. किंवा आठवतं, पण जवळच्या दुकानात ती कंपनी मिळत नाही. मग दुकानदार कॉम्प्युटरवर जुना शेड नंबर टाकतो, नव्या कंपनीचा फॉर्म्युला समोर येतो, डबा मशीनवर हलवून हातात मिळतो. दुसरा हात वाळल्यावर दिसतं, की नवी भिंत गुलाबी झाक मारतेय. नाहीतर हिरवट.

असं का होतं ते आधी समजून घेतलं तर पुढची कामं डोळसपणे करता येतात. दुकानात तयार असतो तो पांढरा बेस. टिंटिंग मशीन त्यात वेगवेगळी रंगद्रव्यं मोजून सोडतं. गडद रंगात रंगद्रव्य भरपूर पडतं, त्यामुळे बेसची स्वतःची झाक त्याखाली दबून जाते. ऑफ-व्हाइटमध्ये सगळी रंगद्रव्यं मिळून बऱ्याचदा लिटरमागे दोन-तीन मिलीसुद्धा होत नाहीत: थोडा यलो ऑक्साइड, त्याहून खूप कमी रेड ऑक्साइड आणि रंग जरा शांत करायला काळ्याचा अंश. डब्यातला ९९ टक्क्यांहून जास्त माल बेसच. आणि बेस कंपनीगणिक वेगळा. टायटॅनियम डायऑक्साइड किती आहे, भरणा म्हणून चुनखडीची पूड किंवा चिनी माती किती घातली आहे, रंग भिंतीला धरून ठेवणारा बाइंडर कोणता आहे, पांढरा जास्त शुभ्र दिसावा म्हणून निळसर झाक आधीच दिली आहे का, यावर त्याचा पांढरेपणा ठरतो. दोन कंपन्यांचे नुसते बेस एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी लावून बघा, एक निळसर दिसेल तर दुसरा दुधाळ. त्यात तेच आणि तेवढेच थेंब टाकले तरी रंग दोन तयार होणार.

हीच गोष्ट एका कंपनीच्या दोन मालांतही घडते. एशियन पेंट्सचा एकच शेड ट्रॅक्टर इमल्शनमध्ये आणि रॉयलमध्ये काढला, तर बेस वेगळा आणि चमकही वेगळी. तेव्हा जुना शेड नंबर ही फक्त सुरुवात समजा. जुळवायचं आहे ते भिंतीवर आज वाळलेल्या रंगाशी.

नमुना कुठून घ्यायचा

इथे बहुतेक जण घाई करतात. आधी ठरवा, एकच भिंत रंगवायची आहे की पूर्ण खोली. पूर्ण खोली रंगवायची असून फक्त जुनाच शेड हवा असेल, तर नमुना स्विचबोर्डच्या प्लेटमागून घ्या. मेन स्विच बंद करून प्लेटचे दोन स्क्रू काढा. प्लेटच्या कडेखाली झाकलेल्या पट्टीवर रंग लावल्या दिवशी होता जवळपास तसाच सापडतो. तिथे ऊन पोचलेलं नसतं, हात लागलेले नसतात. त्या पट्टीची बाहेरच्या भिंतीशी तुलना करा, म्हणजे काही वर्षांत भिंत किती मळकट-पिवळी झाली ते कळेल.

पण एकच भिंत रंगवून बाकीच्या तशाच ठेवायच्या असतील, तर हा मूळ रंग उपयोगाचा नाही. जुळवणी जुन्या, वापरलेल्या भिंतीशीच करावी लागेल. अशा वेळी नमुना उघड्या भिंतीवरून, छातीच्या उंचीवर घ्या. देवघराच्या आसपासची जागा नको, तिथे उदबत्ती आणि दिव्याचा थर असतो. स्वयंपाकघराच्या दाराजवळची नको, तिथे फोडणीचा तेलकट थर असतो. पंख्याच्या अगदी खालचीही नको. निवडलेली जागा आधी पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ फडक्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खरं तर जुन्या तिन्ही भिंती अशाच पुसून घेतल्या पाहिजेत. मळावर रंग जुळवला आणि सहा महिन्यांनी भिंती पुसल्या, तर जुळवलेला रंग उघडा पडतो.

कटरनं साधारण ४ सेंमी बाय ४ सेंमीचा चौकोन आखा, रेघ लांबीपर्यंत खोल जाऊ द्या, आणि पातळ पत्रा खालून सरकवून तुकडा लांबीसकट उचला. सपाट, न तडकलेला तुकडा हवा. रंगाचा नुसता पापुद्रा आणू नका. पापुद्रा पातळ असतो, त्याच्या आरपार मागचं दिसतं आणि मशीन मागच्याचाही रंग मोजतं. मोबाइलवर काढलेला फोटो तर या कामाला चालतच नाही. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्याची झाक स्वतःच्या अंदाजानं दुरुस्त करतो, आणि आपल्याला नेमकी तीच झाक मोजायची असते.

दुकानात काय सांगायचं

स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेलं दुकान शोधा. टिंटिंग मशीन सगळीकडे असतं, पण नमुना मोजणारं यंत्र सगळ्यांकडे नसतं. बऱ्याच ठिकाणी दुकानदार नमुना शेड कार्डवर ठेवून सगळ्यात जवळचा नंबर देतो. एखाद्या भडक रंगाला ते चालून जातं, ऑफ-व्हाइटला नाही, कारण कार्डावरच्या दोन शेजारच्या पांढऱ्यांमध्ये जेवढा फरक असतो तेवढा भिंतीवर स्पष्ट दिसतो.

तुकडा एकाच जागी मोजू नका. तीन जागी मोजायला सांगा, आणि रोलरचा दाणा उठलेला असेल तर प्रत्येक वेळी तुकडा ९० अंशांत फिरवून, कारण दाण्याची बारीक सावली यंत्राला रंग थोडा गडद दाखवते. मग सरासरी घ्या. यंत्र तीन आकडे देतं. ‘एल’ म्हणजे उजळपणा. ‘ए’ धन असेल तर लाल झाक, ऋण असेल तर हिरवी. ‘बी’ धन असेल तर पिवळी, ऋण असेल तर निळी. नमुना आणि नव्या फॉर्म्युल्यातलं अंतर ‘डेल्टा ई’ या एका आकड्यात येतं. गडद रंगात १ चा फरक सहज खपून जातो. ऑफ-व्हाइटमध्ये शेजारी शेजारी ठेवल्यावर सराईत नजरेला तोही कळतो. ०.५ च्या आत आला तर काम चांगलं झालं. मात्र एकट्या डेल्टा ईवर समाधान मानू नका, तो फरक कुठल्या दिशेचा आहे ते विचारा. पांढरा थोडा जास्त पिवळा झाला तर घर सामावून घेतं, पण तेवढाच लालसर किंवा हिरवट झाला तर डोळ्यांत खुपतो. म्हणून ‘ए’ मधला फरक सगळ्यात कमी असलेला फॉर्म्युला निवडा.

दुसरी गोष्ट रंगद्रव्याची. एकच झाक दोन प्रकारे आणता येते, यलो ऑक्साइड वापरून किंवा भडक सेंद्रिय पिवळा वापरून. दिवसा दोन्ही सारखे दिसतील, रात्री पिवळ्या बल्बखाली वेगळे पडतील. कॉम्प्युटर बऱ्याचदा एका नमुन्यासाठी दोन-तीन फॉर्म्युले दाखवतो. त्यातला ऑक्साइडचा घ्या. क्रीमकडे झुकणारे जुने पांढरे बहुतेक ऑक्साइडवरच बनलेले असतात, आणि ऑक्साइड उन्हाला आणि नव्या सिमेंटच्या क्षारालाही टिकतो. ओल काढून नवा गिलावा केलेल्या भिंतीवर हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण काही सेंद्रिय पिवळे ताज्या सिमेंटवर उडतात.

तिसरी गोष्ट चमक. जुनी भिंत मॅट असेल तर मॅटच घ्या, साटन असेल तर साटन. ओळखायची रीत सोपी आहे. भिंतीला गाल टेकवल्यासारखं उभं राहून खिडकीच्या दिशेनं तिरकं बघा. उजेडाचा पट्टा दिसला तर चमक आहे. दिवसा समोरून हुबेहूब जुळलेला रंग संध्याकाळी तिरक्या उजेडात वेगळा दिसतो, त्याचं कारण बहुधा चमकच असते, रंग नव्हे.

चाचणीसाठी सगळ्यात लहान डबा मागायचा मोह होतो. इथे आकडेमोड करून बघा. समजा लिटरचा फॉर्म्युला यलो ऑक्साइड १.५ मिली, रेड ऑक्साइड ०.१५ मिली आणि काळा ०.१ मिली असा आहे. २०० मिलीच्या नमुन्यात काळा ०.०२ मिली पडायला हवा, आणि मशीनचा सगळ्यात लहान थेंबच ०.०८ मिलीच्या आसपास असू शकतो. मशीन एकतर काळा टाकणारच नाही किंवा चौपट टाकेल. नमुना एक रंग दाखवेल, मोठा डबा दुसराच निघेल. म्हणून ऑफ-व्हाइटची चाचणी निदान १ लिटरवर करा, आणि शक्य असेल तर ज्या मापाचा डबा भिंतीला वापरायचा आहे त्याच मापाचा काढा.

वाळवून बघणं

ओल्या रंगावरून काहीही ठरवू नका. इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं, वाळताना किंचित गडद होतं. ए-४ मापाच्या दोन जाड पांढऱ्या पुठ्ठ्यांवर रोलरनंच, ब्रशनं नाही, दोन हात मारा. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या आणि दुसऱ्या हातानंतर रात्रभर ठेवा. पावसाळी दमट हवेत पूर्ण दिवस द्या. पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. जास्त पातळ केलेल्या रंगातून खालचा पुठ्ठा डोकावतो आणि तुम्ही रंगाऐवजी पुठ्ठाच बघत बसता.

वाळल्यावर पुठ्ठ्याच्या चारही कडा कापून टाका. न रंगवलेल्या शुभ्र कडेशेजारी कुठलाही ऑफ-व्हाइट असतो त्यापेक्षा पिवळा दिसतो. मग एक पुठ्ठा जुन्या भिंतीला सपाट चिकटवा, मध्ये फट राहून सावली पडता कामा नये. सहा-सात फुटांवरून बघा. दोन सेकंद बघा, नजर वळवा, पुन्हा बघा. टक लावून राहिलं की डोळे त्या रंगाला सरावतात आणि फरक दिसेनासा होतो.

तीन उजेडांत बघायचं: सकाळी दहा-अकराला, थेट ऊन नसताना, खिडकीच्या उजेडात, संध्याकाळी घरातली ट्यूब किंवा पांढरा एलईडी लावून, आणि हॉलमध्ये पिवळे बल्ब असतील तर त्यांच्याखाली. दिवसा जुळतो आणि बल्बखाली फाटतो, तर दोष रंगद्रव्याच्या जोडीत आहे. अशा डब्यात आणखी थेंब टाकून काही साधत नाही, दुसरा फॉर्म्युला काढून घ्यावा लागतो. तिन्ही उजेडांत सारखीच झाक दिसली, तर ती हातानं दुरुस्त करता येते.

खाली कोटा फरशी असेल तर तिचा हिरवट उजेड भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत चढतो. खिडकीबाहेर झाड किंवा शेजारची रंगीत इमारत असेल तर तिचाही. म्हणून दुसरा पुठ्ठा, ज्या भिंतीवर रंग लावायचा आहे तिथे, खाली आणि वर दोन्हीकडे धरून बघा. या उजेडामुळे पडणारा फरक डब्यात दुरुस्त करायचा नसतो, तो जुन्या भिंतीवरही पडतो.

हातानं दुरुस्ती

बाटलीतला स्टेनर, म्हणजे सुटं मिळणारं घट्ट रंगद्रव्य, थेट डब्यात टाकायचा नाही. ऑफ-व्हाइटमध्ये एक थेंब चुकला की परत फिरणं महाग पडतं. स्टेनर १ मिली आणि पाणी ९ मिली असं द्रावण छोट्या बाटलीत करा, दर वेळी वापरण्याआधी हलवा, नाहीतर रंगद्रव्य तळाशी बसतं. औषधाच्या दुकानातून १ मिलीची, ०.०१ मिलीच्या खुणा असलेली सिरिंज सुईशिवाय आणा. प्रत्येक रंगाला वेगळी.

डबा तळापासून ढवळून त्यातला २५० मिली रंग मापून बाजूला काढा. द्रावण ०.१ मिली घाला, दोन मिनिटं ढवळा, पुठ्ठ्यावर पट्टा ओढा, हेअर ड्रायरनं वाळवा आणि जुन्या भिंतीच्या तुकड्याशेजारी धरा. गरज असेल तर पुन्हा ०.१ मिली. हा ०.१ मिली म्हणजे एक टप्पा.

काय घालायचं हे झाकेवर अवलंबून आहे. रंग हिरवट दिसत असेल तर रेड ऑक्साइड. निळसर, थंड वाटत असेल तर यलो ऑक्साइड. फार स्वच्छ, नव्या कागदासारखा दिसत असेल आणि जुनी भिंत शांत असेल तर काळा, पण तो अगदी जपून, कारण काळा आणि पिवळा मिळून हिरवट झाक देतात आणि मग पुन्हा लाल घालत बसावं लागतं. गुलाबी झाला असेल तर पिवळ्याचा एक आणि काळ्याचा अर्धा टप्पा घालून बघा, त्या दोघांची हिरवट झाक इथे कामाला येते. जास्त पिवळा किंवा जास्त गडद झाला तर थेंबांचा उपाय नाही, त्याच मालाचा पांढरा बेस घालूनच तो फिकट करावा लागतो. म्हणून दुकानातून फॉर्म्युला काढतानाच दोन जवळच्या पर्यायांतला फिका घ्यावा. फिक्याकडून गडदाकडे जाता येतं, उलट जाताना डबे वाढत जातात.

हिशेब लिहून ठेवा. समजा २५० मिलीला रेड ऑक्साइडच्या द्रावणाचे ०.१ मिलीचे तीन टप्पे लागले. म्हणजे मूळ स्टेनर ०.०३ मिली, लिटरमागे ०.१२ मिली. मशीनवर काढलेल्या काही ४ लिटरच्या डब्यांत प्रत्यक्षात बेस ३.६ लिटर असतो, डब्यावर छापलेलं माप वाचा. त्यातला २५० मिली काढल्यावर ३.३५ लिटर उरतो, त्याला ०.४ मिली स्टेनर, म्हणजे द्रावण ४ मिली. आधी साडेतीन मिली घाला, पट्टा वाळवून बघा, मग उरलेलं. दुरुस्त केलेला २५० मिली डब्यात परत ओतू शकता, त्यात प्रमाण तेच आहे.

भिंतीवर

१२ फूट बाय १० फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी दीड ते दोन लिटर रंग धरा. एकापेक्षा जास्त डबे असतील तर सगळे एका स्वच्छ बादलीत ओतून एकजीव करा आणि मगच सुरू करा. एकाच फॉर्म्युल्याच्या दोन डब्यांतही फरक पडतो, आणि भिंतीच्या मध्यावर डबा बदलला तर तो तिथेच दिसतो.

नवा गिलावा नीट वाळल्याशिवाय रंगाला हात लावू नका. सिमेंटच्या गिलाव्याला साधारण चार आठवडे द्या. लांबी १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून, धूळ पुसून प्रायमर पूर्ण भिंतीला मारा, फक्त दुरुस्त केलेल्या भागाला नाही. नवी लांबी रंग जास्त शोषते, तिथे रंग कोरडा आणि खडूसारखा दिसतो, आणि शेड चुकला असं वाटतं.

ठिगळ मारायचं नाही, कितीही चांगला जुळलेला असला तरी. रंग नेहमी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्या. आतल्या कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड मुळातच वेगवेगळा पडतो, त्यामुळे लहानसा फरक तिथे लपतो. एका सपाट भिंतीच्या मध्ये तोच फरक रेघेसारखा दिसतो. मास्किंग टेप कोपऱ्याच्या रेघेवर लावा, कडेला ब्रशनं मारलेला पट्टा दोन इंचांपेक्षा रुंद ठेवू नका आणि त्यावर लगेच रोलर फिरवा, म्हणजे कडेचा पोत वेगळा पडत नाही. जुन्या भिंतीवर ज्या जातीच्या रोलरचा दाणा आहे तसाच रोलर वापरा.

छत यात ओढू नका. त्याचा पांढरा वेगळा असतो आणि वेगळाच राहू द्यावा. दारं-खिडक्यांवर हाच शेड ऑइल पेंटमध्ये काढला, तर तो आज जुळला तरी काही महिन्यांत पिवळा पडत जाणार, विशेषतः जिथे उजेड पोचत नाही तिथे. दार भिंतीशी एकरूप हवं असेल तर पाण्यावरचा इनॅमल घ्या. अॅल्युमिनियमच्या खिडकीचं पावडर कोटिंग बहुधा आरएएल या प्रमाणित रंगसूचीच्या नंबरावर केलेलं असतं. ९०१६ हा थंड पांढरा आहे, ९०१० त्याहून पिवळसर. ऑफ-व्हाइट भिंतीशेजारी ९०१० जास्त शोभतो.

बाहेरच्या भिंतींचं गणित निराळं. ऊन-पावसात जुन्या रंगाची भुकटी सुटते, आणि पश्चिमेकडची भिंत पूर्वेकडच्या भिंतीपेक्षा वेगळी उतरलेली असते. तिथे नमुना त्याच बाजूच्या भिंतीवरून, ब्रशनं घासून, धुऊन घ्या, आणि नव्या-जुन्याची सीमा छज्जा, ग्रूव्ह किंवा पाण्याच्या पाइपामागे ठेवा. सोसायटीत एक विंग यंदा आणि दुसरी पुढच्या वर्षी रंगवायची असेल, तर दोन्ही विंगचा बेस तरी एकाच कंपनीचा, एकाच मालाचा घ्या.

काम झालं की डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर मालाचं नाव, बेस, शेड नंबर आणि प्रत्येक रंगद्रव्याचे मिली छापलेले असतात. हातानं घातलेले थेंब, बॅच नंबर आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून स्विचबोर्डच्या प्लेटवर आतून चिकटवा, तारांना आणि टर्मिनलना लागणार नाही अशी. उरलेला रंग मोठ्या डब्यात तळाशी ठेवू नका, वरच्या हवेनं त्यावर साय धरते. घट्ट झाकणाच्या लहान बरणीत काठोकाठ भरा, झाकणावर त्याच रंगाचा एक ठिपका लावा आणि उन्हापासून दूर ठेवा.